ट्रॅपमधलं निळं

साडेदहाची कॉफी आमच्याकडे कुणी चुकवत नाही. प्रयोग अर्धवट राहिला तरी चालतो. त्यातून कुणाचा वाढदिवस असला आणि त्याने केक आणलेला असला, तर मग विचारूच नका. त्या दिवशी वाढदिवस सीत्स्केचा होता. माझी विद्यार्थिनी, उत्तरेतल्या फ्रीसलंडकडची, आणि तिकडची माणसं म्हणजे हट्टाला पक्की. आमच्या मजल्याची सुरक्षा यॉप बघतो. त्याने लॅबच्या दारावर टकटक केली आणि म्हणाला, "ए केकवाली, येतेस का आम्हीच कापू?" तिने घाईघाईने हातमोजे काढले आणि पळाली. सफरचंदाचा केक बरा झाला होता, मी दोनदा घेतला.

कॉफीनंतर ती मला हूडपाशी, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटापाशी, घेऊन गेली. फ्लास्कच्या तळाशी लाल स्फटिक होते, डाळिंबाच्या दाण्यांसारखे. एवढ्या वर्षांत ते एकदाच जमले होते आणि कसे जमले हे तिलाही धड सांगता येत नव्हतं. जरा ऊब लागली की खलास, म्हणून फ्लास्क कोरड्या बर्फात, ड्राय आइसमध्ये, बसवलेला. दुपारी ते क्ष-किरणांखाली मोजायला जायचे होते. मोजले गेले की तिचा प्रबंध पुरा. महिनाअखेर तिची मुदत संपत होती, आणि ती वाढवून मिळणार नव्हती.

"बघ ना रेन्डर्ट, कसले चमकतायत," ती म्हणाली. आमच्याकडे विद्यार्थीही प्राध्यापकाला नावानेच हाक मारतात.

माझं लक्ष शेजारी होतं. फ्लास्कपासून हातभर अंतरावर, हवा ओढणाऱ्या पंपाच्या वाटेत, आमचा काचेचा ट्रॅप द्रव नायट्रोजनच्या थर्मासात बुडलेला असतो. सकाळभर उडालेलं इथर त्यात गोठून बसतं. त्याची एक नळी उघडी लोंबत होती. केकच्या घाईत तोटी बंद करायची राहिली होती, आणि आम्ही तिकडे गप्पा छाटत असताना पंप खोलीतली हवा ओढत बसला होता.

मी थर्मास जरा खाली घेतला. ट्रॅपच्या तळाशी फिकट निळं पाणी साठलं होतं.

"माझ्या प्रयोगातलं कोबाल्ट असेल," ती लगेच म्हणाली. "त्यातलं एक निळं उडून येतं कधीकधी."

कोबाल्ट असतं तर काळजी नव्हती. पण हवेतला ऑक्सिजन थंडीने द्रव झाला असेल, तर इथरबरोबर त्याचा स्फोट व्हायला कारण लागत नाही. हूडच्या चौकटीवर चिठ्ठी धरून ठेवायला एक चौकोनी चुंबक होता, चांगला जबर. तो काढून मी काचेला लावला. निळं पाणी त्या बाजूला गोळा झालं, काचेवर चढलं आणि चिकटून राहिलं. मी चुंबक वर सरकवला, तेही वर आलं. द्रव ऑक्सिजनच असा मागे येतो, दुसरं कुठलंही निळं इतक्या ओढीने येत नाही.

थर्मास पुन्हा वर केला, हूडची काच खाली ओढली आणि तिचा दंड धरला. "बाहेर."

यॉपने मजला रिकामा केला आणि बाहेरच्या बटणाने पंप बंद केला. पुढे करण्यासारखं काही नसतंच. नळी उघडी, वायूला वाट आहे. नायट्रोजन उडून जाईल, मग ऑक्सिजन आपल्या गतीने जाईल. तोवर कुणी आत पाऊल टाकायचं नाही. आम्ही तिघं लांब, बोळाच्या टोकाला उभे राहिलो. लॅबच्या जाड काचेतून हूड दिसत होता, लाल ठिपकाही दिसत होता.

"बर्फ संपत येईल," सीत्स्के म्हणाली. "मूठभर टाकून येते. जाईन आणि येईन."

"नाही."

"ट्रॅपला हातसुद्धा लावणार नाही."

"नाही म्हटलं ना."

यॉप म्हणाला, "अगं, शिर सलामत तर पगडी पचास."

"पचास कुठल्या? एकच आहे," ती म्हणाली. मला यॉपचा राग आला, म्हण चुकीची नव्हती तरी.

ती एकदा पुढे निघाली. मी आडवा झालो. ती माझ्यापेक्षा उंच आहे, ढकललं असतं तर मी बाजूला पडलो असतो. तिने ढकललं नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि बघत राहिली. फ्लास्कभोवतीचा बर्फाचा धूर विरळ झाला, मग थांबला. डोळ्यांदेखत ते लाल आधी काळपट झालं, मग तपकिरी, शेवटी गढूळ चहासारखं.

ती रडली नाही. "गेलं," एवढंच म्हणाली.

बऱ्याच वेळाने यॉप तोंडावर बचावाची काच ओढून आत गेला. बाहेर आला आणि म्हणाला, "ट्रॅप रिकामा आहे. सगळं उडून गेलं. साधा तडासुद्धा नाही." त्याचा चेहरा खुलला होता. बिचाऱ्याचं कामच ते.

सीत्स्के माझ्याकडे वळली. "म्हणजे काहीच झालं नाही."

"नाही."

"मग मी गेले असते, तर चाललं असतं."

याचं उत्तर मला पाठ आहे. आधी कसं कळणार होतं, फुटला असता तर, वगैरे वगैरे. दरवर्षी नव्या मुलांना मी ते शिकवतो आणि ते खरंही आहे. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो. "चाललं असतं."