आजोबांच्या बायकोचं विमान

आजोबांनी त्या दिवशी सीलच्या कातड्याचे नवे बूट घातले, कारण त्यांची बायको येणार होती. बायको म्हणजे माझी नुकती जन्मलेली बहीण. आजी गेल्या हिवाळ्यात वारली, आईने बाळाला तिचं नाव दिलं; आमच्याकडे ज्याचं नाव बाळाला दिलं तेच माणूस परत आलं असं मानतात, तेव्हा आता तीच आजोबांची बायको आणि माझी आजी. यात गोंधळण्यासारखं काहीच नाही. गोंधळ झाला तो विमानाचा.

बाळंतपणाला दक्षिणेकडे गेलेली आई रेझोल्यूट गावात विमान बदलून पार उत्तर टोकाला, आमच्या ग्रीस फियोर्ड गावी येणार होती. तिकिटावर होतं, तिथून तीनला सुटतं, इथे सव्वापाचला पोचतं. बायको उतरेल तेव्हा आपण समोर उभं असायचं, एवढंच आजोबांचं म्हणणं. हिशेब माझ्याकडे, कारण हल्ली गणितात मी वर्गात पहिली येते आणि तसं सगळ्यांना सांगतेही.

नकाशावर अंतर चारशे किलोमीटरच्या आतलं. त्याला सव्वादोन तास? आणि जाताना तेच विमान इथून एकला सुटून तिथे सव्वाला पोचतं! म्हणजे जायला फक्त पंधरा मिनिटं. मी म्हटलं, वारा असणार. आजोबा म्हणाले, कुत्र्यांच्या गाडीला जायला-यायला सारखेच दिवस लागायचे, वारा तेव्हाही होता.

माझे बाबा धावपट्टीवरचा बर्फ काढतात. कामावर जाता जाता त्यांनी बजावलं, रेझोल्यूटचं घड्याळ आपल्यापेक्षा तासभर मागे असतं, विसरू नकोस. मी अजिबात विसरले नाही. चारला आईचा फोन आला की विमानात बसतोय. तिकडे तीन, इकडे चार. चारात सव्वादोन मिळवले, सव्वासहा झाले.

"आजोबा, चिक्कार वेळ आहे," मी म्हटलं. "तुमच्या बायकोला हिमनगाच्या बर्फाचाच चहा लागायचा ना? घेऊन येऊ."

"ती आता दूध पिते गं."

"मग आई पिईल."

समुद्राच्या बर्फात एक हिमनग अडकून बसलाय, तिथवर बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाइलने गेलो. आजोबा कुऱ्हाडीने ढलपे काढत होते आणि डोक्यावरून घरघर आली. मी घड्याळ पाहिलं. पाच वाजून गेले होते. हे दुसरंच कुठलंतरी विमान असेल, असं मी ठामपणे सांगितलं.

"दुसरं कधी येतं आपल्याकडे?" आजोबांनी विचारलं.

येत नाही. बर्फ तिथेच टाकून आम्ही सुसाट निघालो. आजोबा मागे बसून माझ्या पाठीवर थापा मारत होते आणि मला वाटेत एकच कळत नव्हतं, बेरीज चुकली कुठे?

धावपट्टीवर आई वाऱ्यात कुडकुडत उभी. बाळ तिच्या कोटाला पाठीवर शिवलेल्या, बाळ ठेवायच्या मोठ्या टोपात, आणि टोप तिने गच्च धरलेला. बाळ बघायला आलेल्या आत्या रुसल्या होत्या. आधी आजोबांनीच बघायचं, म्हणून आईने कुणालाच डोकावू दिलं नव्हतं.

आजोबा चक्क धावले.

मी बाबांना गाठलं. ते म्हणाले, जायला सव्वा तास, यायलाही सव्वा तास, तिकिटावर ज्या त्या गावच्या घड्याळाची वेळ असते.

"मग तिकिटावरचा जास्तीचा तास गेला कुठे?"

त्यांचं लक्ष नव्हतं. आजोबा टोपात तोंड खुपसून म्हणत होते, "म्हातारे, नाक तसंच घेऊन आलीस की."