काळ्या टेपखालची वायर

मिस्त्रीनं गाडीच्या पोटातला जनरेटर बाहेर ओढला, तसे मामा शेजारी फतकल मारून बसले. जन्मात कधी त्यांनी मिस्त्रीला प्रश्न विचारला नव्हता. सगळं आपल्यालाच कळतं हा तोरा! आज मात्र एकेका भागावर बोट ठेवून विचारत होते, हे काय, ते काय.

ताईला जाऊन चार दिवस झाले होते. ही त्यांची थोरली बहीण. दोघं या गाडीतच घर करून राहायची, आणि ताईचा श्वास ऑक्सिजनच्या मशीनवर. भर दुपारी जनरेटर बंद पडला. जवळचा सिलिंडर अर्ध्या तासात संपला. दवाखाना तासभर लांब. मामांनी गाडी जिवाच्या आकांतानं हाणली, पण काय उपयोग!

"हा अल्टरनेटर, वीज बनवतो. ठणठणीत आहे," मिस्त्री म्हणाला. "हा कार्बोरेटर, पेट्रोल आणि हवा मिसळतो. तोही बरा."

एकेक भाग निर्दोष सुटत होता आणि मामा पुढच्या भागावर बोट ठेवत होते.

"ऑइलचा टिपूस नाही हो! पिस्टन चिकटलाय. पण ऑइल उतरलं की हा सेन्सर त्याआधीच इंजिन बंद करतो. लिटरभर ओतलं की पुन्हा चालू." सेन्सरची वायर चाचपत त्याचा हात काळ्या टेपशी थांबला.

गाडी उतारावर उभी केली की ऑइल एका बाजूला जायचं आणि सेन्सर उगाच इंजिन बंद पाडायचा. दर वेळी ऑइल मोजायची पट्टी काढून बघा, काय कटकट! वैतागून मामांनी वायरच कापली. मग पट्टी बघायचंही राहिलं. ऑइलचा डबा सीटखाली होता, सील न फोडलेला.

तेवढ्यात ताईची मुलगी दारात आली. हातात आईचा मास्क.

"मामा, कशानं बंद पडला?"

मिस्त्रीनं टेप मुठीत झाकली. "मशीन जुनं झालं होतं, बाई."

केवढी सोय झाली होती! मामांनी मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"नाही गं," ते म्हणाले. "जुनं नव्हतं. सेन्सरची वायर मी कापली."

तिनं मिस्त्रीच्या मुठीकडे पाहिलं. "आईला माहीत होतं?"

"टेप तिनंच धरली होती," मामा म्हणाले. "म्हणाली, बरं झालं बाबा, आता सारखं बंद पडणार नाही."