कार्डवाले मामा

योगेशने कार्ड कापलं, तेव्हा दुधाच्या पिशव्या कापायची कात्री तेजस्विनीने स्वतः त्याच्या हातात दिली. प्लॅस्टिकचे तुकडे कचऱ्याच्या डब्यात कांद्याच्या सालींवर पडले. तिने लगेच वरून खरकटं टाकलं. नवऱ्याचा काय भरवसा, चिकटवून परत वापरायचा!

तसं तिचं काही चुकत नव्हतं. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेल्या योगेशचं क्रेडिट कार्ड हे सगळ्या भावकीतलं पहिलं कार्ड. त्याचा त्याला कोण अभिमान! कळवणपासून नामपूरपर्यंत कुणाला मोबाइल घ्यायचा असो की मिक्सर, फोन नाशिकला योगेशकडे. कार्डावर सूट मिळते, हप्ते पडतात, हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालं होतं. "तुझ्या कार्डावर घे, आपण रोख देऊ," असं म्हणत. काही जण देत, काहींचे कांदे विकायचे राहून जात. आणि जे देत, त्यांची रोकड खिशात आली की या गड्याला वाटे, ही आपलीच कमाई. मग हॉटेल, मग नवे बूट, मग बायको नको नको म्हणत असताना सोफा.

बँक दर महिन्याला एक मोठी रक्कम सांगायची आणि तिच्याखाली एक बारकी, किमान एवढी तरी भरा म्हणून. योगेश बारकी भरायचा आणि छाती काढून फिरायचा. उरलेल्यावर व्याज, व्याजावर व्याज. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. यानं स्वतःचे पाय पसरले ते पसरले, वर पाहुण्यारावळ्यांनाही अंथरुणात घेतलं. शेवटी तेजस्विनीच्या बांगड्या मोडल्या, मोटारसायकल विकली, तेव्हा कुठे बँकेचे फोन थांबले. त्यानंतर ती कात्री.

मग योगेश बसने कामावर जाऊ लागला. चहासुद्धा घरूनच पिऊन निघायचा. सुरुवातीला लाज वाटली, पुढे सवय झाली, आणि एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की फोन वाजला तर आता छातीत धस्स होत नाही. एवढं सुख त्याला सोफ्यावर बसूनही कधी लाभलं नव्हतं.

तेवढ्यात कळवणहून त्याच्या थोरल्या बहिणीचा, चंद्रभागाक्काचा फोन आला. आरोहीचं लग्न ठरलं होतं.

आरोही म्हणजे त्याची भाची, पण वाढली निम्मी त्याच्याच घरी. कॉलेजला नाशिकला होती ती तेजस्विनीच्या हातचं खाऊन. तिचा लॅपटॉप त्याच्याच कार्डावरचा. "मला मांडवात तूच न्यायचं हं, मामा," असं ती लहानपणापासून म्हणायची. मुलीला हाताला धरून मांडवात आणायचा मान मामाचा, आणि लग्न लागताना तिच्या अंगावर असते ती पिवळी साडीही मामाचीच. स्वतःला मुलगी नसलेल्या योगेशने हा दिवस मनात कितीदा तरी साजरा केला होता.

"भाऊ, डबल डोअरचा फ्रीज मामाकडून, आसं तुझ्या दाजींनी तिकडच्यांना सांगून टाकलंय," आक्का म्हणाली.

"आक्का, कार्ड मोडलं मी."

"मंग दुसरं काढ. तुला काय लय अवघड हाय?"

"नाय काढणार. रोखीनं जमेल तेवढं करतो. मामाची साडी मात्र चांगली घेतो."

पलीकडून आक्काचा फणकारा ऐकू आला. मग म्हणाली, "समद्या गावाचं केलंस. अन् भाचीच्या वक्तालाच तुला कात्री सापडली व्हय रे?"

हे त्याला फार लागलं, कारण त्यात अर्धं खरं होतं. तरी तो बधला नाही. डब्यातली भाजीपोळी खाऊन पैसे बाजूला टाकत राहिला आणि तेजस्विनीला घेऊन येवल्याला गेला. पिवळी साडी घेतली, बारीक काठांची. दुकानदाराने विचारलं, "कार्ड की रोख?" तेव्हा योगेश "रोख!" असं एवढ्या मोठ्यानं म्हणाला की शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. साडीला फॉल तेजस्विनीने घरी बसून लावला.

लग्न दिंडोरी रोडवरच्या एका लॉन्सवर होतं. साडी आदल्या दिवशीच आक्काच्या हातात दिली होती. मांडवाच्या दाराशीच लाल रिबीन बांधलेला फ्रीज उभा होता, त्यावर कागद: 'मामांकडून सप्रेम भेट'. खाली नाव संतोषचं. संतोष म्हणजे योगेशचा नामपूरचा चुलतभाऊ. असू दे, योगेशने मनाची समजूत घातली. फ्रीज कुणी का देईना, सख्खा मामा तर मीच.

मंगलाष्टकांच्या आधी माइकवरून पुकारा झाला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन मांडवात यावं!" योगेशने बूट काढले, सदरा सारखा केला आणि नवरीच्या खोलीकडे निघाला. तो अर्ध्या वाटेवर असतानाच दार उघडलं. आरोही बाहेर आली. तिचा हात संतोषच्या हातात होता आणि संतोषच्या डोक्यावर गुलाबी फेटा होता. साडी पिवळीच होती, पण काठ चांगले वीतभर रुंद. येवल्याची ती नव्हती. आरोहीने मामाला पाहिलं आणि मान खाली घातली.

कुणीतरी योगेशला दंडाला धरून बाजूला घेतलं, दुसऱ्या कुणीतरी हातात अक्षता दिल्या. त्याने त्या गर्दीतून टाकल्या, आल्यागेल्या पाहुण्यासारख्या. डोळे भरून आले होते, पण लग्नात मामाने रडलेलं चालतं, म्हणून कुणी काही विचारलं नाही.

जेवताना संतोष शेजारी येऊन बसला. फेटा अजून डोक्यावर, कपाळावर घाम.

"दादा, एक विचारायचं व्हतं. तुला यातलं कळतं." त्याने मोबाइल पुढे केला. "फ्रीज मी नव्या कार्डावर घेतला. आक्का म्हणली, काढ, योगेशनं काढलं व्हतं तसं. आता बँकेचा मेसेज आलाय. वरची रक्कम लय मोठी हाय. खाली किमान म्हणून बारकी लिव्हलीय. बारकी भरली तरी चालतं ना?"

पाण्याचा ग्लास तोंडाशी नेता नेता तेजस्विनी थांबली.

सगळं योगेशच्या जिभेवर होतं. व्याज, बांगड्या, बँकेचे फोन. एका वाक्याचं काम होतं. संतोषचं बिचाऱ्याचं चुकलंही काही नव्हतं; आक्काने मागितलं, यानं दिलं. योगेशही असाच द्यायचा. त्याने त्या गुलाबी फेट्याकडे पाहिलं.

"चालतं की," तो म्हणाला. "मी वर्षानुवर्षं तेच केलं."

"बघ! मी म्हणलंच व्हतं आक्काला." संतोषचा चेहरा उजळला. तेवढ्यात माइक पुन्हा ओरडला, "मुलीचे मामा, फोटोसाठी स्टेजवर या!" संतोष फेटा सावरत पळाला.

"अहो," तेजस्विनीने त्याची बाही ओढली, "परत बोलवा त्याला. सांगा खरं काय ते."

योगेशने ताटातली जिलेबी मोडली.

"जाऊ दे," तो म्हणाला. "मामाला बोलावलंय."

आणि जिलेबी तोंडात घातली.