अध्यक्षबाईंचा उजवा बूट

अनुदानाच्या अर्जात एक रकाना असतो: 'अर्जदार व उद्योग भागीदार यांच्यात नाते असल्यास स्वरूप लिहावे.' त्यात मी 'सख्खी मावशी' असं लिहिलं. विद्यापीठाच्या संशोधन कार्यालयातल्या बाबूंनी त्यातलं 'सख्खी' खोडून टाकलं. म्हणाले, "मॅडम, सरकारला एवढी जवळीक झेपत नाही."

नातं लपवण्यात तसाही अर्थ नव्हता. मी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते, मावशीचा बुटांचा कारखाना आहे, आणि आमची दोघींची नाकं इतकी एकसारखी आहेत की समितीला कागद वाचायची गरजच पडली नसती.

ही सगळी भानगड नाकामुळेच सुरू झाली होती, पण आमच्या नव्हे, मिस्त्रीकाकांच्या. मिस्त्रीकाका मावशीकडे तीस वर्षं बुटांना सोल लावतात. सोल चिकटवायच्या त्या पिवळ्या सोल्यूशनचा वास मला दारातच डोक्यात जायचा, आणि ते त्यावर वाकून दिवस काढायचे. एकदा दुपारी त्यांच्या डब्यातली भाजी आंबली होती. अर्धा डबा संपवून त्यांनी मावशीला विचारलं, "सगळे माझ्यापासून लांब का बसलेत?" तेव्हा कळलं की काकांचं नाक गेलंय. मग चक्कर यायला लागली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, एक तर हे सोल्यूशन सोडा, नाही तर हे काम सोडा.

"काम सोडून घरी बसू?" काका म्हणाले. "बायको म्हणेल त्यापेक्षा चक्कर बरी."

ते हसले, पण तोल सावरायला टेबलावर टेकलेला हात काही उचलला नाही. तो हात मी पाहिला आणि पाण्यात बनणारा, वास नसलेला गोंद करायचा असं ठरवून टाकलं. दोन वर्षांत माझ्या प्रयोगशाळेत तो जमला. काकांनी त्याचं नाव ठेवलं 'पाणीवाला'. पण प्रयोगशाळेत दहा सोल चिकटणं वेगळं आणि कारखान्यात रोज चारशे चिकटणं वेगळं. त्याला वाळवायची मोठी भट्टी हवी, नवी दाबयंत्रं हवीत, आणि हे सगळं मापून बघणारी माणसं हवीत. विद्यापीठ आणि उद्योग यांनी मिळून संशोधन केलं तर सरकार त्याला अनुदान देतं, म्हणून मी अर्ज भरायला बसले.

अर्ज भरणं म्हणजे काय ते भरणाऱ्यालाच ठाऊक. मावशीला मी 'भागीदाराचे योगदान' लिहून मागितलं तर तिने लिहून दिलं, 'जागा, चामडे, आणि भाचीला वेळेवर जेवायला घालणे.' तेही बाबूंनी खोडलं.

खरी अडचण कलम सातची. अर्जदार आणि भागीदार नात्यातले असतील, तर दोघांशीही काडीचा संबंध नसलेल्या माणसाने ती वस्तू चाळीस दिवस वापरून अहवाल द्यायचा. आम्ही पोस्टमनला बूट दिले. त्याच्याइतकं चालणारं दुसरं कोण? त्याने चाळीस दिवस इमानाने नोंदी केल्या, मी अर्ज पाठवला. आणि समिती पाहणीला यायच्या चार दिवस आधी मावशी सहज बोलून गेली की पोस्टमनच्या मुलाचं लग्न मिस्त्रीकाकांच्या मुलीशी झालंय.

"म्हणजे तो काकांचा व्याही आहे," मी म्हणाले.

"हो. पण भागीदार मी आहे ना, मिस्त्री कुठे आहेत?"

"मावशी, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू चालणारा माणूस मागितलास. नात्याचं कुठे विचारलंस?"

मी डोक्याला हात लावला. मग अनुदान देणाऱ्या सरकारी विभागाला स्वतःच पत्र पाठवलं की पोस्टमनचा अहवाल धरू नये. कलम सात कोरं राहिलं.

समिती आली. तिघं होते. अध्यक्षबाई उंच, पिकल्या केसांच्या, पूर्वी स्वतः कारखाने तपासत फिरलेल्या. दुसरे एक अर्थशास्त्राचे प्राध्यापक, सतत घड्याळाकडे बघणारे. आणि तिसरे विभागातले अधिकारी, ज्यांचं नाव मी मनातल्या मनात चष्मेवाले ठेवलं, कारण चष्म्याशिवाय त्यांच्या चेहऱ्यावर काही हलतच नव्हतं.

मावशीच्या कारखान्यात बाहेरची धूळ चालत नाही. गोंदावर कण बसला की सोल सुटलाच म्हणून समजा. त्यामुळे येणाऱ्याने आपले बूट दाराजवळच्या फळीवर ठेवायचे आणि कारखान्याच्या चपला घालायच्या. या चपला म्हणजे नमुन्यांतून उरलेले एकेक नग. जोड अशी नाहीच. अध्यक्षबाईंना एक तपकिरी आणि एक काळी आली, प्राध्यापकांना दोन्ही डाव्या. चष्मेवाल्यांनी मात्र शोधून शोधून दोन सारख्या काढल्या आणि मला त्यांची आणखीच भीती वाटली.

वरच्या खोलीत दोन तास प्रश्नोत्तरं झाली. अध्यक्षबाईंना सगळं कळत होतं. जुन्या सोल्यूशनने कामगारांचं काय होतं, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्या भट्टीचं तापमान विचारत होत्या, मी उत्तरं देत होते, आणि मला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं. मग चष्मेवाल्यांनी पान उलटलं. "कलम सात?"

"कोरं आहे," मी म्हणाले.

"अंतिम बैठक दोन महिन्यांनी आहे. तोवर अहवाल आला तर बघू. नाही आला तर नियम स्पष्ट आहे."

आम्ही खाली आलो. फळीवर अध्यक्षबाईंचा डावा बूट होता. उजवा नव्हता.

मिस्त्रीकाका आतून तो दोन्ही हातांत धरून घेऊन आले. "बाई, याचा सोल पुढून तोंड उघडून बसला होता. चिकटवला. पाणीवाल्याने. छोट्या भट्टीत वाळवला, दाबला. घाला."

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काकांची रीतच तशी. फळीवर सुटा सोल दिसला की ते मालकाला विचारत नाहीत. वीजमापक बघायला आलेल्या माणसाचेसुद्धा बूट नीट होऊन गेलेत.

चष्मेवाल्यांनी खिशातून वही काढली. "अध्यक्षांनी अर्जदार पक्षाकडून सेवा स्वीकारली, असं नोंदवावं लागेल."

"दुरुस्तीचे पैसे मी देते," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"पैसे दिले तरी नोंद राहते."

अध्यक्षबाईंनी बूट घातला, पाय दोनदा आपटून बघितला. "नोंदवा. या प्रस्तावावर मी मत देणार नाही." मग काकांकडे वळून म्हणाल्या, "छान बसलाय."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मग माझा बांध फुटला. काका वडिलांच्या वयाचे, हे मी विसरले. "एकच माणूस आपल्या बाजूने होता, काका. एकच. आणि तुम्ही बाईंचं मत चिकटवून टाकलंत. हे सगळं कुणासाठी चाललंय? तुमच्यासाठीच ना?"

काका बोटांवरचा गोंद खरवडत होते. "सोल सुटलेला होता, पोरी. जिन्यावर अडखळल्या असत्या तर?"

"तुमचं काम गेलं तर?"

"म्हणून काय माणसाला पडू द्यायचं?"

मला स्वतःची लाज वाटली आणि राग तरीही गेला नाही. मावशीने मला वर नेऊन जेवायला वाढलं, भागीदाराचं योगदान म्हणून.

पुढचे दोन महिने मी कलम सातसाठी माणूस शोधत फिरले. मावशीच्या गल्लीत जो भेटेल तो कुणाचा तरी मेहुणा निघायचा. एक अगदी परका माणूस सापडला, तर तो तिसऱ्या दिवशी बूट विकून पसार झाला. बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी मी वर्गात जायला निघाले होते, एवढ्यात बाबूंचा फोन आला. "मॅडम, तुमच्या फाइलमध्ये विभागाकडून सहा पानं आलीत. कलम सातची. तुम्ही पाठवलीत का?"

मी नव्हती पाठवली. धावतच कार्यालयात गेले. पहिल्या पानावर अध्यक्षबाईंची सही होती.

'या प्रस्तावावर मला मत देता येत नाही,' त्यांनी लिहिलं होतं. 'चालता येतं.'

खाली चाळीस दिवसांच्या नोंदी होत्या. 'दिवस सहावा: कार्यालयाची लिफ्ट बंद. नऊ मजले. सोल जागेवर.' 'दिवस तेरावा: रस्ता धुणाऱ्या गाडीने मलाही धुतलं. बूट ओला, सोल जागेवर.' 'दिवस एकविसावा: नातीबरोबर चेंडू खेळले. नात जिंकली. सोल जागेवर.' 'दिवस चाळिसावा: उजवा शाबूत. डाव्याचं जुनं सोल्यूशन मात्र आता सुटू लागलं आहे.'

शेवटच्या पानावर चष्मेवाल्यांच्या अक्षरात प्रश्न होता, 'अर्जदाराशी किंवा भागीदाराशी नाते?' त्याखाली बाईंचं उत्तर: 'नाही. उजव्या बुटापुरती ओळख.' आणि त्याच्याही खाली पुन्हा चष्मेवाले: 'मत देणार नाहीत, नाते नाही. अहवाल ग्राह्य.' ते शेवटचे दोन शब्द वाचून मी बाबूंच्या टेबलाशी उभी राहून चक्क रडले. बाबूंनी मला डोळे टिपायला शिक्का पुसायचा रुमाल दिला, त्यामुळे त्या दिवशी वर्गाने माझ्या गालावर जांभळी शाई पाहिली.

अनुदान मंजूर झालं. भट्टी आली, दाबयंत्रं आली, आणि पिवळ्या सोल्यूशनचे डबे एका सकाळी टेम्पोत चढून गेले. मी काकांची माफी मागितली, तर ते म्हणाले, "कशाबद्दल?" त्यांना खरंच आठवत नव्हतं, की तसं दाखवत होते, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यांची चक्कर थांबली. नाकाचं डॉक्टर नक्की सांगत नाहीत. काका म्हणतात, परवा चहा करपल्याचा वास आला. मावशी म्हणते, वास नाही, माझा आरडाओरडा आला.

गेल्या आठवड्यात दुपारी कारखान्याचं दार वाजलं. अध्यक्षबाई होत्या, निवृत्त झालेल्या, एकट्या. त्यांनी बूट फळीवर ठेवले, एक तपकिरी आणि एक काळी चप्पल घातली, आणि आत येऊन थांबल्या. लांब श्वास घेतला. "कसलाच वास नाही," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

मग परत जाऊन डावा बूट घेऊन आल्या. त्याचा सोल पुढून तोंड उघडून बसला होता.

मिस्त्रीकाकांनी तो हातात घेतला, उलटा करून बघितला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा बुटाच्या मालकाला विचारलं, "बाई, लावू का?"