खूण कुठे करायची

परिस्थिती

प्रिस्का सिस्टर, बेड चार घ्या. चंद्रहास राऊत, राहणार निर्मळ. आतड्याच्या शेवटच्या टोकाला कॅन्सर होता, तो भाग काढला. शौचाची वाट आता पोटावर, डाव्या बाजूला. तिथे पिशवी. ताप नाही. सकाळी पेज घेतली.

नातं: माझे वडील.

'ते मला ठाऊक आहे. पुढे.'

प्रिस्का सिस्टरांचे केस वसईच्या वॉर्डांतच पिकले. ड्युटी बदलताना पेशंट कसा सोपवायचा, ते त्यांनीच मला शिकवलं. चार मथळे, फापटपसारा नाही.

पार्श्वभूमी

मधुमेह नाही, दारू नाही. वाडीत केळी, नारळ, मोगरा. पेशंट गावात सांगतात, मुलगा हॉस्पिटलात कंप्युटरवर असतो.

'हे कशाला, सुमेध?'

कारण पार्श्वभूमी हीच आहे. मी नर्सिंगला गेलो तेव्हा बाबा म्हणाले होते, 'बायकांच्या रांगेत उभा राहणार?' पुढे मी या पोटावरच्या वाटेचा, स्टोमाचा, वेगळा कोर्स केला. आता ऑपरेशनच्या आधी माणसाला बसवून, वाकवून, पोटाच्या वळ्या बघून पेनाने खूण मी करतो. सर्जन तिथेच छेद देतात.

'आमच्या वेळी आम्ही ट्रे घेऊन डॉक्टरांच्या मागे उभ्या,' सिस्टर म्हणाल्या. 'कोणी मत विचारलं असतं तर ट्रेच पडला असता हातातून.'

निरीक्षण

ऑपरेशनआधी पेशंट लग्नकार्यातल्या इस्त्रीच्या पँटमध्ये हजर. बेल्ट बेंबीवर. सर्जन, डॉक्टर उमंग, समोर उभे.

'काम करताना काय नेसता?' मी विचारलं.

'पँटच.'

'वाडीत?'

'वाडीत गडी आहेत.'

गडी नाहीत. सकाळभर मोगऱ्याच्या रांगेत उकिडवे बसतात ते बाबा स्वतः. कमरेला कोयता अडकवायची दोरी, बेल्टच्या बरीच खाली. बेल्ट गृहीत धरून खूण केली असती तर दोरी नेमकी पिशवीवर आली असती. मग वाडी संपली. वाडी संपली की बाबांचं काय उरतं, मला माहीत नाही.

'सर, आत्ता खूण करत नाही,' मी म्हणालो. 'पेशंट खरं सांगत नाहीये.'

'तू म्हणशील तेव्हा,' डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या बेडकडे गेले.

बाबांनी आधी त्यांच्या पाठीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

'निरीक्षण सांग, सुमेध. गोष्ट नको,' सिस्टरांनी टोकलं.

निरीक्षण, पुन्हा

आई दुपारी लुंगी आणि दोरी घेऊन आली. कोयताही आणला होता. तो वॉचमनने गेटवर ठेवून घेतला आणि आईला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

मी पडदा ओढला.

'डॉक्टरला बोलव,' बाबा म्हणाले.

'हे डॉक्टर करत नाहीत, बाबा.'

'मग कोण करतो?'

'मी.'

माझ्या हातात पेनाचं टोपण काढलेलं, लावलेलं, परत काढलेलं.

'अहो, बसा की खाली,' आई म्हणाली. 'नव्या नवरीसारखं काय लाजताय? तुमचंच पोर आहे.'

बाबांनी लुंगी नेसली, दोरी बांधली आणि फरशीवर उकिडवे बसले. मग कोणी न सांगता हात पुढे गेला आणि ते कळ्या खुडायला लागले. नसलेल्या कळ्या. पोटाला वळी पडली. दोरी कुठे रुतते ते दिसलं.

दोरीच्या वर, वळीच्या बाहेर, त्यांची नजर पोचेल अशा जागी मी खूण केली.

'दिसते?'

'दिसते.'

'हात लावा.'

हात पोचला.

ऑपरेशनमध्ये डॉक्टर उमंगनी ती खूण जराही हलवली नाही.

शिफारस

इथवर आलो आणि हरिभाऊ आले. आमच्या शेजारच्या वाडीचे, बाबांच्या बरोबरीचे. हातात केळ्यांची फणी.

'काय चंद्रहास, बरा ना? आणि सुमेध, तू कंप्युटर सोडून इथे काय करतो?'

पेशंटचं पेशंटने सांगायचं असतं. बाबांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. थोडा वेळ तशीच धरून ठेवली.

मग बाजूला केली आणि सदरा वर घेतला.

हरिभाऊ आधी मागे सरकले, मग खिशातून चष्मा काढून पुढे वाकले. 'मोठा डॉक्टर होता वाटतं?'

'कापलं डॉक्टरनं. कुठं कापायचं ते यानं ठरवलं. नर्स आहे माझा मुलगा.'

'नर्स म्हणजे...'

'म्हणजे हे.' बाबांनी पिशवीशेजारी बोट टेकवलं. 'दोरी याच्या खाली बसते. मला परत मोगऱ्यात बसता येणार. तू बस खाली, म्हणजे कळंल.'

हरिभाऊ खरंच उकिडवे बसले, वॉर्डाच्या मधोमध, हात कमरेवर. दोन नातेवाईक वळसा घालून गेले. प्रिस्का सिस्टरांनी पेन खाली ठेवलं.

'माझी दोरी इथे येते,' हरिभाऊ म्हणाले.

'तुझं पोट सुटलंय. तुझी जागा वेगळी निघंल,' बाबा म्हणाले. 'मला काय विचारतो? याला विचार.'