पाच किलोची उकड

पुण्याहून पनवेलजवळच्या ओवे गावाला लागून असलेल्या सोसायटीत राहायला येऊन वसुंधराताईंना वर्ष होत आलं होतं. फोनमध्ये माणसांची काही कमी नव्हती. शाळेतल्या मैत्रिणी, माहेरचे, सासरचे, बंगळुरूचा लेक सुशांत. रोज सकाळी शुभेच्छांची नुसती फुलंच फुलं. पण दिवाळीनंतर ताप आला तेव्हा पेज करून द्यायला त्यातलं कुणी येणार नव्हतं. इथे आपलं कुणी नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

म्हणून मार्चात कुंपणापलीकडे सखूबाईंच्या गच्चीवर बायका तांदळाचे पापड लाटायला जमल्या, तेव्हा ताई पनवेलहून आणलेलं नवंकोरं लाटणं घेऊन न बोलावताच हजर झाल्या. सखूबाई गावच्या जुन्या; ही सोसायटी त्यांच्याच भातशेतावर उभी आहे. त्यांनी हसून सरकून जागा दिली. मग पाळीपाळीने आज त्यांच्यातल्या शशिकलाकडे, उद्या मालूकडे. ताई सगळीकडे राबल्या. निघताना कुणी पापड बांधून देऊ लागलं, की म्हणायच्या, "छे छे, मला एकटीला काय करायचेत? तुम्हाला उगाच त्रास." आपलं कुणाला ओझं नाही, याचा त्यांना अभिमानच होता. शिकल्यासवरल्या माणसांना ही खोड असतेच.

पुढच्या आठवड्यात कपडे वाळत घालताना त्यांना सखूबाईंच्या गच्चीवर पुन्हा पोळपाट मांडलेले दिसले. सगळ्याजणी होत्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ताई ओल्या हातांनीच तिकडे गेल्या.

"माझं काही चुकलं का, सखूबाई?" म्हणताना त्यांना रडू आलं, आणि या वयात त्याची लाजही वाटली.

सखूबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "ताई, तुमी सगल्यांकडं राबल्या. नेलं कुणाकडचं काय नाय, आन् तुमच्याकडं आमाला बोलावलं बी नाय. मंग तुमाला फुकट राबवायचं कसं? आमाला बी लाज हाय."

ताईंच्या लक्षात आलं: कुणाला त्रास नको म्हणून जे जपलं, त्यानेच या बायकांना परकं ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "मग रविवारी माझ्याकडे या. सगळ्याजणी."

"किती पीठ?"

"किलोभर."

गच्चीवर एकच हशा पिकला. "किलोला सा बायका?" मालू म्हणाली. "लाट्या खान्यातच संपंल!"

"पाच किलोची उकड काढ," सखूबाई म्हणाल्या.

"अहो, पाच किलोचे पापड मी एकटी कधी खाणार?"

"तू एकटी कशाला खाशील? बस आता, ऊन चढतंय."

ताई बसल्या. दुपारी निघताना शशिकलाने आधीच्या, वाळलेल्या पापडांची पुडी बांधून पुढे केली. 'छे छे' ओठांवर आलंच होतं, ते त्यांनी गिळलं. पुडी दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाल्या, "अजून एक दे गं. सुशांतला पाठवते."