शांत वर्गापुढे वर्लीन

वर्लीन टेट आमच्या चर्चमधली; तिथे आम्ही बायका एकमेकींना ‘सिस्टर’ म्हणतो. सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात राबायचं आणि दुपारी स्टॉकटनच्या कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकायचं, असा तिचा दोन वर्षांचा नेम. इथली दोन वर्षं नीट पार पडली की विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं. विद्यापीठाने तिला घेतलंही होतं, पण शेवटच्या इंग्रजीच्या वर्गात ‘बी’ श्रेणीच्या खाली यायचं नाही, या अटीवर. मी निवृत्त झाल्यावर तिला सोबत म्हणून त्याच वर्गात नाव घातलं. मला कुठे जायचं नव्हतं. शिकण्याचं सुख तेवढं हवं होतं.

शेवटचा निबंध वर्गापुढे उभं राहून वाचायचा होता. वर्लीनने विषय घेतला आमच्या पास्टर हॉलोवेंच्या प्रवचनाचा. ते आधी साधं बोलतात. मग कुठेतरी श्वास लांबतो, शब्द सुराला टेकतो, ऑर्गन त्याला खालून उचलून धरतो आणि बघता बघता बोलण्याचं गाणं होतं. त्या घडीला प्रभू आमच्या बाकावर येऊन बसतो, असं मी मानते. वर्लीनने ती घडी कागदावर अशी उतरवली होती की गाडीत तिच्या तोंडून ऐकताना माझे डोळे भरून आले.

मंगळवारी तिची पाळी आली. पहिली दोन पानं तिने छान वाचली. मग मान वर करून पाहिलं. सगळे तिच्याकडे बघत होते, कुणी हूं की चूं करत नव्हतं. तिसऱ्या पानावर तिचा आवाज बसला. तिने कागद दुमडले.

“माफ करा सर, आज नाही जमत,” म्हणाली आणि जागेवर येऊन बसली.

प्रोफेसर वांग गोंधळले. “मिसेस टेट, गुरुवारी शेवटचा तास आहे. वाचन पुरं झालं नाही तर मला गुण देता येणार नाहीत.”

गाडीत बसल्यावर मी विचारलं, “काय झालं गं तुला?”

“तू होतीस ना तिथे, सिस्टर अर्नेटा? एकही माणूस ‘हो’ म्हणाला नाही. तूही तोंड शिवून बसलीस.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे प्रवचन चालू असताना गप्प बसायची रीत नाही. ‘हो’, ‘खरं आहे’, ‘सांगा पास्टर’ असं चालूच असतं. लोकांचं मन लागेनासं झालं की त्यांचा आवाज ओसरतो, मग एखादी म्हातारी हळूच म्हणते, ‘प्रभू, याला मदत कर,’ आणि शहाणा उपदेशक आटोपतं घेतो. वर्लीनने दोन वर्षांत लिहिलं पुष्कळ होतं, पण वर्गापुढे उभी राहिली ती पहिल्यांदाच. तिनेही आटोपतं घेतलं होतं.

“अगं बाई, ती पोरं ऐकत होती,” मी म्हटलं. “तो टोपी घालून बसणारा पोरगा आहे ना, त्या टोपीवाल्याने कानातले हेडफोन काढून ठेवले होते. त्याला कान आहेत हे मला आज कळलं.”

वर्लीन हसली, पण डोळे पुसत.

“असं करू, गुरुवारी मी मागून ‘हो’ म्हणत जाते. टोपीवाल्यालाही शिकवते.”

“नको.”

“का गं?”

“तिकडे विद्यापीठात तू येणार आहेस का माझ्या मागे बसायला?”

“आधी वाटेत थांबून पीचचा गरम गोड कॉब्लर खाऊ, मग ठरव.”

“कॉब्लर खाऊ. पण माझं ठरलंय.”

गुरुवारी तिने पहिल्यापासून वाचायला घेतलं. तीच शांतता. पास्टरांचा सूर लागतो त्या ओळींवर ती आली आणि माझा ‘हो’ अगदी ओठांवर आला. वर्लीनने कागदावरून नजर न काढता तळहात वर केला, पास्टर ऑर्गनवाल्याला थांबवतात तसा. मी ओठ मिटले. देवाच्या गोष्टीला उत्तर न देता बसणं किती अवघड, ते माझं मला ठाऊक.

ती गायली नाही. साध्या आवाजात वाचत राहिली. पण वाक्य संपलं की थांबायची, आमच्याकडे लोक उत्तर देतात नेमकी तिथेच. आणि ती रिकामी जागा साऱ्या वर्गाला ऐकू यायला लागली. मुलं पुढे सरकून बसली. मी मनात प्रार्थना करत होते, पण खरं सांगायचं तर वर्लीनला आता प्रार्थनेची गरज नव्हती.

वाचन संपलं. प्रोफेसर वांग म्हणाले, “मधल्या जागा मुद्दाम सोडल्या होत्या?”

“त्या माझ्या नाहीत, सर. लोकांच्या आहेत.”

टोपीवाल्याने हात वर केला. “मग तिथे आम्ही काय म्हणायचं असतं?”

“खरं वाटेल ते म्हण बाळा. नाही वाटलं तर गप्प बस, उपदेशकाला तेही कळतं. मला मंगळवारी जरा चुकीचं कळलं, एवढंच.”

वर्ग हसला, मग प्रश्नांवर प्रश्न आले. पुढच्या तासाची मुलं दारात येऊन उभी राहिली तरी वर्लीन बोलत होती, हातात कागद नव्हता.

बाहेर पडताना प्रोफेसर म्हणाले, “मी ‘ए’ देतोय. पण तिकडचे वर्ग याहून शांत असतात बरं का, मिसेस टेट.”

“असू देत,” वर्लीन म्हणाली.